लढाई नव्हती, तरी वीरच!



'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणूस जिवंत असताना त्याला कुणी विचारायचे नाही आणि गेल्यावर मात्र त्याच्या गुणांची बरसात करायची, या आपल्या खोडीवर ती बरोबर बोट ठेवते. मरणोत्तर मानसन्मानाकडे आपले लोक जरा संशयानेच पाहतात, त्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. परंतु एक मरणोत्तर सन्मान असा आहे की तो द्यायला आपण उशीर तर करतोच, पण पुष्कळदा तो द्यायचा असतो हेच आपल्या ध्यानात येत नाही. शत्रूशी लढताना नव्हे, तर दुसऱ्याचा जीव वाचवताना जो जवान गेला, त्याचा हा सन्मान. आज या पानावर त्याविषयी चार शब्द लिहायचे योजिले आहे.

गावात बातमी येते. अमक्याचा पोरगा पलटणीत होता, तो गेला. पारावर पहिला प्रश्न निघतो, "लढाईत गेला का?" कुणीतरी सांगतो, "नाही हो, पाण्यात वाहून गेला." की लगेच, "अरेरे, वाईट झालं!" आणि बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळते. त्या 'अरेरे'त कीव असते, मान नसतो. तो पाण्यात का उतरला होता, कुणासाठी उतरला होता, हे विचारायचे राहूनच जाते. आणि तोच तर खरा प्रश्न आहे!

मागची एक घटना सांगतो. २२ मे २०२५ या दिवशी सिक्कीमच्या डोंगरात सिक्कीम स्काउट्सची एक तुकडी गस्तीवर निघाली होती. वाटेत ओढ्यावर लाकडी ओंडक्यांचा साकव होता. तो ओलांडताना एका अग्निवीराचा पाय घसरला आणि तो खालच्या प्रवाहात पडला. डोंगरातले पाणी ते! आपल्या पाटाच्या पाण्यासारखे नव्हे. बर्फासारखे गार, आणि ओढ तर अशी की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालू नये. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट शशांक तिवारी, वय वर्षे २३. डिसेंबर २०२४ मध्ये ते अधिकारी झाले होते, म्हणजे नोकरीला सहा महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. त्यांनी मागचापुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. पाठोपाठ एका नायकानेही उडी घेतली. दोघांनी मिळून त्या अग्निवीराला धरला. अग्निवीर वाचला, नायक वाचला, लेफ्टनंट तिवारी मात्र प्रवाहात ओढले गेले. अर्ध्या तासाने त्यांचा देह खाली ८०० मीटरवर सापडला.

येथे शत्रू कोण होता? कुणीच नाही. गोळी कुणी झाडली नाही, चौकी कुणी जिंकली नाही. पण पलटणीतला अधिकारी सर्वांत खालच्या पायरीवरच्या, नव्यानेच भरती झालेल्या पोरासाठी जीव टाकतो, ही गोष्ट लहान आहे काय? सरकारने ती लहान मानली नाही. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनाच्या यादीत लेफ्टनंट तिवारींना मरणोत्तर कीर्तिचक्र जाहीर झाले.

दुसरी घटना सियाचीनची. कॅप्टन अंशुमान सिंह हे लष्करी डॉक्टर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, म्हणजे एका अर्थी आपल्या मातीत घडलेले. १९ जुलै २०२३ रोजी पहाटेच्या अंधारात त्यांच्या तळावर दारूगोळ्याच्या कोठारापाशी आग लागली. त्या उंचीवर जवान फायबरच्या झोपड्यांत राहतात. अशी झोपडी एकदा पेटली की ती पाचटासारखी जळते. एका झोपडीत माणसे अडकली होती. कॅप्टन सिंह आत शिरले आणि त्यांनी चार-पाच जणांना बाहेर काढले. इथवर काम झाले होते. कुणी म्हणाले असते, पुरे झाले. पण तेवढ्यात आग औषधोपचाराच्या झोपडीकडे पसरली. तिथे जीव वाचवणारी औषधे आणि साहित्य होते, आणि अशा ठिकाणी ते पुन्हा यायला किती वेळ लागेल ते डॉक्टरला ठाऊक असते. ते पुन्हा आत गेले. ते काही परत आले नाहीत. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र जाहीर झाले आणि ५ जुलै २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांची पत्नी व आई यांनी ते स्वीकारले.

आता आपल्यातले पुष्कळ सभासद म्हणतील, हे कीर्तिचक्र म्हणजे नेमके काय? परमवीरचक्र ठाऊक आहे, वीरचक्र ठाऊक आहे. बाकीची नावे छब्बीस जानेवारीला रेडिओ-टीव्हीवर ऐकतो आणि विसरतो. तेव्हा हे थोडे समजून घेऊ.

आपल्या देशात शौर्यपदकांच्या दोन ओळी आहेत. एक ओळ शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याची: परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र. दुसरी ओळ शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्याची: अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र. ही दुसरी ओळ ४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केली गेली. तेव्हा तिला अशोकचक्र वर्ग एक, दोन आणि तीन म्हणत. १९६७ साली आजची नावे मिळाली. बारकाईने पाहावे असे पुढेच आहे. सरकारी मानक्रमात या दोन ओळी एकीखाली एक लावलेल्या नाहीत. त्या एकमेकींत गुंफल्या आहेत. पहिले परमवीरचक्र, लगेच अशोकचक्र. मग महावीरचक्र, लगेच कीर्तिचक्र. मग वीरचक्र, लगेच शौर्यचक्र. म्हणजे रणांगणाबाहेरच्या शौर्याला देशाने दुय्यम पंगतीत बसवलेले नाही, त्याच पंगतीत, शेजारच्या पाटावर बसवले आहे. पंगतीत भेद करतो तो आपण!

ही पदके मरणोत्तर देता येतात आणि केवळ गणवेशातल्या माणसालाच मिळतात असेही नाही. १९८६ साली कराचीच्या विमानतळावर प्रवाशांना वाचवताना प्राण दिलेल्या नीरजा भनोत यांना अशोकचक्र मिळाले. आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, मग मुंबई पोलिसांत गेले. २००८ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी नुसत्या हातांनी अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली. त्यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. केडंबे तुमच्या आमच्या गावासारखेच गाव आहे.

आता एक जुनी हकिगत, आपल्या लोकांना फारशी माहीत नसलेली. ३ फेब्रुवारी १९५२ रोजी लखनौहून दिल्लीकडे एक छोटे विमान निघाले. आत लष्करातले बडे अधिकारी. जनरल श्रीनागेश होते, जनरल थिमय्या होते आणि आपल्या कोल्हापूर भागाचे जनरल एस. पी. पी. थोरातही होते. वाटेत इंजिनाला आग लागली. चालक होते फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास. त्यांनी घाबरगुंडी उडू न देता पेटलेले विमान संडीला गावाजवळ शेतात उतरवले आणि आतली सगळी माणसे वाचली. त्या विमानातले श्रीनागेश आणि थिमय्या पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले, थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. बिस्वास यांना अशोकचक्राचा पहिला वर्ग मिळाला, हवाई दलातला तो पहिलाच. त्या दिवशी कुणी शत्रू समोर नव्हता. पण तो एक माणूस डगमगला असता, तर एका दुपारी देशाचे केवढे नुकसान झाले असते! म्हणून म्हणतो, रणांगणाबाहेरच्या धैर्याची किंमत कमी लेखू नका.

आपल्या महाराष्ट्राला तर हे कुणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. आदल्या रात्री भर पावसात, अंधारात, लष्कराचे जवान त्या कच्च्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते. धरण रात्री न फुटता दिवस उजाडल्यावर फुटले, त्या पोत्यांनी तेवढे तास मिळवून दिले आणि त्यामुळे हजारोंचे प्राण वाचले, असे जुने पुणेकर आजही सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या ढिगाऱ्यांखालून माणसे कुणी उपसली? जवानांनी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांना छपरांवरून उतरवून बोटीत कुणी घेतले? त्यात लष्कर होते, नौदल होते, आपत्ती दलाचे जवान होते. त्या वेळी बोटीत बसताना आपल्यापैकी कुणी त्यांना विचारले का, की बाबा, तू लढाई पाहिली आहेस का?

पूर किंवा आग ही लढाईपेक्षा सोपी असते असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही एवढेच म्हणू, की उसाचा फड पेटलेला आठवा. वारा फिरला की जाळ कुठल्या बाजूने येईल ते सांगता येत नाही. बांधावर पन्नास माणसे उभी असतात. आत कुणाचा बैल अडकला आहे, कधी एखादी बाई अडकली आहे. पन्नासांतला एकच माणूस आत धावतो. बाकीचे ओरडत राहतात, "अरे नको, माघारी ये!" त्या एकाला काय म्हणाल? त्याच्यापुढे शत्रू नाही, म्हणून अंगात त्वेष नाही. सूड नाही, घोषणा नाही, पाठीमागे तोफा नाहीत. पाण्याला आणि आगीला वैर नसते. त्यांच्यापुढे माणूस जातो तो केवळ समोरच्याच्या जिवासाठी. आम्हांला तर वाटते की हे धैर्य फार शुद्ध असते.

पण कागदावर फरक पडतो, आणि तो घरच्यांना भोगावा लागतो. सैन्याच्या दप्तरात 'शहीद' असा शब्दच नाही, तो आपण बोलतो. तिथे नोंद होते ती लढाईतली हानी किंवा इतर हानी अशी. शत्रूशी वा अतिरेक्यांशी लढताना जवान गेला, तर ढोबळ मानाने त्याच्या घरच्यांना शेवटच्या पगाराइतके निवृत्तिवेतन मिळते. कर्तव्यावर अपघाताने गेला, तर पगाराच्या ६० टक्के. सरकारचे नियम सरकारने करावेत, त्यांची कारणे त्यांना ठाऊक. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. निवृत्तिवेतनात फरक असेल, पण गावाच्या मनातही फरक का असावा? सरकारने जिथे शंभराचे साठ केले, तिथे गावाने साठाचे शून्य करावे काय?

आता यावर निघणाऱ्या शंका घेऊ, कारण आपले सभासद विचारल्याशिवाय सोडत नाहीत आणि ते चांगलेच आहे.

पहिली शंका: "सरसकट सगळ्यांनाच वीर म्हटलं, तर खऱ्या वीराची काय किंमत राहिली?" अगदी रास्त. आम्हीही सरसकट म्हणत नाही. नोकरीत असताना आजाराने, गाडीच्या अपघाताने जवान गेला तर ते दुःखच आहे. त्या घराला आधार द्यावा, त्यात कुचराई नको. पण शौर्याचा मान हा कृतीचा मान असतो. त्याची पारख तीन प्रश्नांनी होते. त्याला धोका दिसत होता का? त्याला मागे फिरता येत होते का? आणि तो पुढे गेला तो कुणासाठी? या तिन्हींची उत्तरे मिळाली की मान ठरला. मग स्थळ रणांगण असो, ओढा असो वा पेटलेली झोपडी असो. काट्यावर ऊस मोजताना तो कुणाच्या वावरातला हे आपण पाहत नाही, वजन पाहतो. तसेच हे.

दुसरी शंका: "ते तर त्याचं कामच होतं, पगार घेत होता." डॉक्टरचे काम जखमीवर औषधोपचार करणे. पेटलेल्या झोपडीत दुसऱ्यांदा शिरण्याचा हुकूम त्याला कुणी दिला होता? पगार कामाचा असतो, प्राणाचा नसतो. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईच्या समुद्रात सिंधुरत्न या पाणबुडीत आग लागून धूर कोंडला. साथीदार बाहेर पडले आणि दोन तरुण अधिकारी आतच राहिले. त्या घटनेची जबाबदारी स्वीकारून नौदलप्रमुखांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. एवढ्या वरच्या माणसाने ते मरण 'कामाचाच भाग' म्हणून झटकले नाही. आपण कोण झटकणारे?

तिसरी शंका सर्वांत जुनी: "गेलेल्याला आता काय उपयोग?" गेलेल्याला काहीच नाही, हे आम्हीही मान्य करतो. मरणोत्तर सन्मान हा मेलेल्यासाठी नसतोच मुळी. तो मागे राहिलेल्यांसाठी असतो. त्या आईसाठी असतो, जिला रात्री वाटते की माझे पोर फुकट गेले. ज्याचा जीव वाचला त्याच्यासाठी असतो, कारण तो आयुष्यभर ते ओझे वागवतो आणि 'तुझ्यासाठी गेला तो वीर होता' हे गावाने म्हटले तर त्याची मान थोडी ताठ होते. आणि शाळेतल्या पोरांसाठी असतो, ज्यांना कळायला हवे की मोठे होणे म्हणजे दुसऱ्याला पाडणेच नव्हे, दुसऱ्याला वर काढणेही आहे.

पदक दिले म्हणजे सगळे संपले असेही नाही. नाईक कृपाराम यांची हकिगत ऐका. सप्टेंबर १९४५, महायुद्ध संपलेले. बंगळूरजवळ तोंडेभावी येथे पलटणीचा गोळीबाराचा सराव चालू होता. एका नवख्या शिपायाने उडवलेला बाँब जवळच, आपल्याच माणसांपुढे पडला. कृपाराम यांनी सगळ्यांना मागे हटून आडोसा घ्यायला ओरडून सांगितले आणि स्वतः पुढे धावून तो बाँब उचलला. तो फेकण्याआधीच हातात फुटला. ते गेले, त्यांची माणसे वाचली. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लढाई नसताना दाखवलेल्या शौर्यासाठीचा तो ब्रिटिश अमदानीतला सर्वांत मोठा मान. हिमाचलमधल्या बिलासपूरकडच्या त्यांच्या पत्नीने, अगदी कोवळ्या वयात विधवा झालेल्या त्या बाईने, ते पदक आयुष्यभर जपले. २००२ साली ते चोरीला गेले. आणि २००९ साली ते कुठे उगवले, तर लंडनच्या लिलावात! ओरड झाली आणि लिलाव थांबवावा लागला.

यातून आम्ही एवढेच शिकलो की पदक पेटीत राहते, पेटी चोरीला जाते, पण हकिगत चोरीला जात नाही. मात्र ती कुणीतरी लिहून ठेवलेली असली पाहिजे. आपल्याकडे नेमके तेच होत नाही. जवान गेल्यावर मिरवणूक निघते, फुले पडतात, पुढारी येतात, फलक लागतात. आणि वर्षाने विचारावे, नेमके काय झाले होते हो? तर कुणी काही सांगतो, कुणी काही. शौर्यपदकाची शिफारससुद्धा साक्षीवर आणि नेमक्या हकिगतीवर उभी राहते. सुट्टीवर आलेला जवान विहिरीत पडलेल्या पोराला काढताना गेला, तर तो पलटणीच्या कामावर नव्हता म्हणून गप्प बसू नका. अशा कृत्यासाठी जीवनरक्षा पदक आहे, १९६१ सालापासून. त्याच्या सर्वोत्तम, उत्तम आणि साधे अशा तीन पायऱ्या आहेत, ते मरणोत्तरही मिळते, आणि कामावर नसलेल्या जवानालाही मिळू शकते. राज्य सरकारकडून त्याची शिफारस दिल्लीला गृहखात्याकडे जाते. पण प्रकरण जुने झाले की मागे पडते. तेव्हा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि ज्याला वाचवले त्याचे म्हणणे, हे ताजे असतानाच गावाने गोळा करून जिल्हाधिकारी कचेरीत दिले पाहिजे. गावात एवढे पदवीधर आहेत, सोसायटीचे सचिव आहेत, मास्तर आहेत. दोन पाने लिहायला हरकत कसली?

आता आपल्या कारखान्यापुरते बोलू. कारखाना हा काही सरकार नव्हे, तो पदके देऊ शकत नाही. पण हजारो घरांची ही संस्था आहे आणि या घरांतली मुले सैन्यात आहेत. तेव्हा संचालक मंडळाने विचार करावा म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

एक. वार्षिक सर्वसाधारण सभेतल्या श्रद्धांजलीच्या ठरावात 'सीमेवर लढताना' या शब्दांपुढे 'तसेच इतरांचे प्राण वाचवताना' हे शब्द घालावेत. कार्यक्षेत्रातल्या अशा जवानाचे नाव आणि त्याने काय केले हे दोन ओळींत वाचून दाखवावे. नुसते उभे राहून बसण्यापेक्षा, कशासाठी उभे राहिलो हे सभेला कळावे.

दोन. गळीत हंगामाच्या प्रारंभी गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा मान एखाद्या वर्षी अशा जवानाच्या आईवडिलांना वा पत्नीला द्यावा. पाहुणे मंत्री दरसाल येतातच, एक साल थांबतील.

तीन. ही सूचना आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेलेला जवान किंवा त्याचा बाप आपला सभासद असेल, तर भाग वारसाच्या नावे करण्यासाठी त्या घराला हेलपाटे घालायला लावू नयेत. एकीकडे आपण हार घालायचा आणि दुसरीकडे शेअर खात्याच्या खिडकीशी 'हा दाखला आणा, तो दाखला आणा, साहेब नाहीत, उद्या या' असे ऐकवायचे, हा कसला सन्मान? सहकार कायद्याच्या ३० व्या कलमात मयत सभासदाचे भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या वा वारसाच्या नावे करण्याची तरतूद आहे. कारखान्याने आपला माणूस कागद घेऊन त्या घरी पाठवावा, सह्या घ्याव्यात आणि नोंद करून भागदाखला घरपोच द्यावा. त्या घरच्या उसाची नोंद आणि तोड त्या हंगामात मागे पडणार नाही हे गट कार्यालयाने पाहावे. विधवेच्या फडाला तुरे येऊन ऊस वाळत उभा राहिला, तर चौकातल्या फलकाला काय चाटायचे आहे?

याच ओघात सैन्यातल्या सभासदांनाही एक विनंती. सुट्टीवर आलात की शेअर खात्यात जाऊन नामनिर्देशन भरून ठेवा. शहीद जवानाच्या मागे पत्नीला काय आणि आईवडिलांना काय, या प्रश्नाची २०२४ नंतर देशभर चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे दुःख खरे असते. म्हणून शहाण्याने आधीच लिहून ठेवावे. वीराच्या मागे घरात वाद राहू नये, मान राहावा.

चार. या वार्तापत्रात अशा हकिगतींसाठी वर्षातून एक पान राखावे. कार्यक्षेत्रातल्या गावांनी नाव, गाव, पलटण, तारीख आणि काय घडले ते साध्या भाषेत लिहून पाठवावे. अलंकार नकोत, विशेषणे नकोत. जे घडले तेच पुरेसे असते.

या चार गोष्टींना किती खर्च येईल? आमच्या हिशेबाने जवळजवळ काही नाही. यांत इमारत नाही, पुतळा नाही, निविदा नाही. टनामागे एक पैसाही कापायला नको. फक्त थोडी आठवण आणि थोडी तत्परता लागते. पैसा लागत नाही म्हणूनच अशी कामे मागे पडतात, असा आमचा अनुभव आहे. असो.

शेवटी एवढेच. लेफ्टनंट तिवारींनी ज्याच्यासाठी उडी मारली, तो त्यांचा नातलग नव्हता, गाववाला नव्हता. 'माझ्या तुकडीतला आहे' एवढे नाते त्यांना पुरले. सहकार सहकार म्हणून आपण ज्याचा घोष करतो, त्याचा अर्थ याहून वेगळा काय आहे? एकाच्या भागावर सगळ्यांचा आणि सगळ्यांच्या भागावर एकाचा हक्क, एक बुडू लागला तर दुसऱ्याने हात द्यायचा. आपण तो शब्द पोटनियमांत लिहिला. त्या तेवीस वर्षांच्या पोराने तो पाण्यात उतरून दाखवला.

येत्या सर्वसाधारण सभेत ठरावातल्या शब्दांची ही दुरुस्ती कुणाही सभासदाने मांडावी. सूचक कुणीही व्हा, अनुमोदनाला आम्ही उभे आहोत.

जय जवान, जय किसान, जय सहकार!